घरचा सर्व्हर: बंद पडणं वेगळं, हरवणं वेगळं

तुमचा प्रश्न असा आहे: घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घरातल्या पाच जणांचे फोटो, कागदपत्रं, पासवर्ड आणि सिनेमे घरीच ठेवायचे आहेत. त्यासाठी डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) कोणतं घ्यावं, डॉकर (प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) बरं की प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली), बाहेरून वापरता यावं म्हणून राउटरवर पोर्ट (जोडणीचं दार) उघडावं का आणि ईमेलही घरूनच चालवता येईल का, हे तुम्हाला हवं आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘सगळं नीट चालू झालं की क्लाउडवरचे फोटो काढून टाकीन.’

माझं सगळं उत्तर त्या शेवटच्या वाक्याला आहे. गेली बारा वर्षं मी घरी सर्व्हर चालवते आणि पोटापाण्याचं कामही सर्व्हर सांभाळण्याचंच आहे. डिस्ट्रो चुकलं तर ते एका संध्याकाळीत बदलता येतं. डॉकर आवडलं नाही तर दुसऱ्या पद्धतीने तीच सेवा उभी करता येते. पण लेकरांचे लहानपणीचे फोटो एकाच डिस्कवर होते आणि ती डिस्क गेली, तर मग कोणतंच कौशल्य उपयोगी पडत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न थोडे मागे ठेवू आणि क्लाउडवरचं ‘काढून टाकणं’ कधी करायचं, तिथून सुरुवात करू.

कोणतीही सेवा घरी आणण्याआधी मी तिच्याबद्दल दोन गोष्टी विचारते. ही दोन दिवस बंद पडली तर घरात काय होईल? आणि हिचा डेटा कायमचा गेला तर काय होईल? वरवर पाहता प्रश्न एकच वाटतो, पण उत्तरं फार वेगवेगळी येतात. जेलीफिन घ्या, म्हणजे घरचे सिनेमे दाखवणारी सेवा. ते बंद पडलं तर कुणाची तरी संध्याकाळ सिनेमाविना जाईल. त्याचा डेटाबेस उडाला तरी मूळ फाइल्स जागेवर असल्या तर लायब्ररी पुन्हा स्कॅन करता येते. कोणी काय कुठवर पाहिलं होतं, एवढंच विसरलं जातं. पाय-होलचं, म्हणजे घरभरच्या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं पाहा. त्यात हरवण्यासारखं जवळजवळ काही नाही, पण ते बंद पडलं की डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) उत्तरं मिळेनाशी होतात आणि घरच्यांच्या लेखी ‘नेट गेलेलं’ असतं. फोटोंचं नेमकं उलटं. दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर कुणाचं फारसं अडत नाही, गेले तर मात्र ते परत येत नाहीत. व्हॉल्टवॉर्डनसारखं पासवर्डचं कपाट या दोन्हींच्या मध्ये बसतं. सर्व्हर बंद असला तरी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जुने पासवर्ड काही काळ वाचता येतात, नवे घालता येत नाहीत. पण डेटाच गेला तर घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक खात्याचा पासवर्ड नव्याने लावत बसावं लागेल.

हे वेगळं काढायचं कारण असं की दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात. बंद पडण्यावर यूपीएस, लॅपटॉपची बॅटरी, दुसरा डीएनएस, रेडमधल्या दोन डिस्क, हे सगळं चालतं. हरवण्यावर उपाय एकच: दुसरीकडे ठेवलेली आणि प्रत्यक्ष उघडून पाहिलेली प्रत. रेडवर विसंबून निश्चिंत झालेली माणसं मी कामाच्या ठिकाणी अनेकदा पाहिली आहेत. रेडमध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जातं, त्यामुळे चुकून पुसलेलं फोल्डरही दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. लॅपटॉप किती जुना आहे, त्यातली डिस्क कोणत्या अवस्थेत आहे, फोटो एकूण किती जीबी आहेत, तुमच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक (बाहेरून थेट गाठता येणारा) पत्ता मिळतो की नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे महिन्यातून दोन-तीन तास तुम्ही याला नियमाने देऊ शकाल का. देता येणार नसतील तर मी मनापासून सांगते, फोटो क्लाउडवरच राहू द्या आणि घरच्या लॅपटॉपवर त्यांची फक्त प्रत उतरवत राहा. त्यातही तुमचे फोटो तुमच्या हातात येतात आणि कुणाच्याही खात्याला कुलूप लागलं तरी तुम्ही अडत नाही. अनेक घरांसाठी हीच व्यवस्था योग्य आहे, तिला कमी लेखू नका.

वेळ आहे असं धरून पुढे जाते.

लॅपटॉप सर्व्हर म्हणून चांगला असतो. आवाज कमी, वीज कमी आणि बॅटरीमुळे छोटा यूपीएस आपोआप मिळतो. सरासरी १५ वॅट घेणारं यंत्र वर्षभर अखंड चालवलं तर साधारण १३१ युनिट वीज लागते; ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप त्याच वर्षात ५२५ युनिटच्या पुढे जातो. पण बॅटरी चोवीस तास शंभर टक्क्यांवर ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टीएलपी हे वीज सांभाळणारं साधन वापरून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा तळ सपाट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली आहे. ती आधी काढा, सर्व्हरचं नंतर बघू. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) लॉगिनडीमध्ये झाकणाची खूण दुर्लक्षित करायची सेटिंग आहे, ती लावा. लॅपटॉप कपाटात कोंडू नका.

डिस्कची तपासणी मात्र सावकाश करा. स्मार्टसीटीएल या डिस्कचं आरोग्य तपासणाऱ्या कमांडने तिची माहिती काढा आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (खराब म्हणून बदललेले भाग) व ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे भाग) हे दोन आकडे बघा. शून्य असतील तर लांबची स्वयंचाचणी रात्रभर लावा. पेंडिंगचा आकडा शून्याहून जास्त असेल तर त्या डिस्कवर एकही फोटो ठेवू नका, ती सध्या ठणठणीत चालत असली तरी.

डिस्ट्रोबद्दल माझं उत्तर डेबियन स्टेबल. १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प आहे, साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि एका आवृत्तीला दीर्घ मुदतीचा आधार धरून पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. सध्याची आवृत्ती १३, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. घरच्या सर्व्हरवर मला नव्या सोयी कंटेनरमधून मिळतातच, त्यामुळे खालचा पाया जितका संथ तितका बरा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स आवळायच्या, छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) मुद्दाम घुसवलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावर दुरून शिरायच्या पद्धतीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, त्याने तो सोडला नाही आणि म्हणून ते उघडकीस आलं. तोवर ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये पोचलेलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. यावरून स्टेबल अभेद्य आहे असं ठरत नाही, पण नवं ते उशिरा घेण्याचा फायदा कसा होतो हे दिसतं. तुम्हाला उबुंटूची सवय असेल तर त्याची एलटीएस (दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती) घ्या, काहीच बिघडत नाही. रात्री अकराला काही अडलं तर ज्याच्या फाइल्स कुठे असतात हे तुम्हाला न शोधता आठवतं, ते डिस्ट्रो तुमचं.

प्रॉक्समॉक्स उत्तम आहे, मी ते कामात वापरते. पण एकाच लॅपटॉपवर, पहिल्याच खेपेला, शिकायचा आणखी एक थर कशाला वाढवायचा? दुसरं यंत्र घरात आलं की तेव्हा त्याचा विचार करा. आत्ता डेबियन आणि त्यावर डॉकर कंपोज (कोणती सेवा कशी चालवायची हे एका फाइलमध्ये लिहायची सोय) एवढंच ठेवा.

मांडणी मात्र पहिल्या दिवसापासून नीट करा, कारण परत उभं करणं सोपं जाईल की अवघड हे तिथेच ठरतं. एक मोठं फोल्डर, त्यात प्रत्येक सेवेचं एक फोल्डर आणि त्या फोल्डरमध्ये त्या सेवेची कंपोज फाइल, सेटिंग आणि डेटा. डॉकर स्वतःच्या पोटात कुठेतरी ठेवतं ते व्हॉल्यूम मी वापरत नाही. डेटा डोळ्यांना दिसेल अशा फोल्डरमध्येच जोडते. उद्या लॅपटॉप मेला तर ते एक फोल्डर नव्या यंत्रावर आणायचं आणि एकेक सेवा चालू करायची, इतकं ते सरळ असलं पाहिजे. कंपोज फाइल्स गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, गुप्त पासवर्ड असलेली फाइल सोडून.

कंपोजमध्ये ‘लेटेस्ट’ (जी सर्वांत नवी ती आवृत्ती) हा टॅग लिहू नका, विशेषतः डेटाबेससाठी. पोस्टग्रेस या डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलली की जुन्या आवृत्तीने लिहिलेलं डेटाचं फोल्डर नवी आवृत्ती उघडत नाही. आधी डम्प (डेटाबेसमधला सगळा मजकूर उतरवलेली फाइल) काढून मग नवीत भरावा लागतो. तुम्ही सहज अपडेट ओढलंत आणि सकाळी फोटोंची सेवाच उठत नाही, असं त्यातून होतं. डेटा गेलेला नसतो, पण तो लाल अक्षरांचा लॉग (सेवेची नोंदवही) बघून माणूस घाबरतो आणि घाबरून केलेल्या पुढच्या दोन कमांडनी खरं नुकसान होतं. नेक्स्टक्लाउड या फाइल्स साठवायच्या सेवेलाही मोठ्या आवृत्त्या एकामागून एकच चढवाव्या लागतात, मधली गाळता येत नाही. म्हणून आवृत्तीचा आकडा लिहा, बदलांची टिपणं वाचा, बॅकअप घ्या, मग आकडा बदला. सुरक्षेचे अपडेट डेबियनमध्ये आपोआप येऊ द्या, सेवांचे हाताने करा. आणि डॉकरच्या लॉगना आकाराची मर्यादा घाला. ती मुळात नसते आणि एखादी बडबडी सेवा महिन्याभरात डिस्क भरून टाकते.

आता बॅकअप. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या हातून झालेल्या दोन चुका तुम्हाला सांगायच्या आहेत.

पहिली जुनी. फोटो एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवर होते आणि रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची. मूळ ठिकाणी जे पुसलं ते प्रतीतही पुसायचं, असा पर्याय मी लावला होता, म्हणजे दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या राहतील. एके दिवशी वीज गेली आणि बऱ्याच वेळाने आली. लॅपटॉप उठला, पण बाहेरची डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे वापरासाठी जोडली गेली नाही. ती नसली तरी यंत्र चालू व्हावं म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) ‘नोफेल’ लिहिलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण माउंट न झालेल्या डिस्कच्या जागी लिनक्सला काय दिसतं? एक साधं, रिकामं फोल्डर. रात्री दोन वाजता आरसिंकने ते रिकामं फोल्डर पाहिलं, मूळ ठिकाणी काहीच उरलेलं नाही असं धरलं आणि प्रतीच्या डिस्कवरचं सगळं पुसून तीही रिकामी केली. आज्ञा मी दिली होती, त्याने ती तंतोतंत पाळली. सकाळी मी पाहिलं तेव्हा १.४ टीबी वापरात असलेली डिस्क जवळजवळ कोरी होती. मूळ डिस्क सुदैवाने धडधाकट होती, केबल नीट बसवल्यावर फोटो दिसले. पण त्या सकाळी माझ्या घरातल्या सगळ्या फोटोंची जगात एकच प्रत होती आणि ती नुकताच विजेचा धक्का खाल्लेल्या डिस्कवर होती. पुन्हा कॉपी पूर्ण होईपर्यंत मी त्या टेबलाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

तेव्हापासून तीन गोष्टी करते. माउंटच्या रिकाम्या फोल्डरला, डिस्क जोडलेली नसताना, चॅटर या कमांडने ‘बदलता न येणारं’ करून ठेवते, म्हणजे डिस्क नसताना कोणतीही सेवा तिथे लिहू गेली तर तिला तिथल्या तिथे अडवलं जातं आणि मुख्य डिस्क गुपचूप भरत नाही. दुसरं, बॅकअपची स्क्रिप्ट आधी डिस्क खरंच माउंट आहे का हे तपासते आणि डिस्कवर मी ठेवलेली एक खुणेची फाइल शोधते. ती नाही तर पुढचं काहीच करत नाही. तिसरं आणि मुख्य, हुबेहूब सारखी ठेवलेली प्रत मी आता बॅकअप मानत नाही. कालचं, गेल्या आठवड्यातलं, गेल्या महिन्यातलं चित्र परत आणता आलं पाहिजे. त्यासाठी रेस्टिक किंवा बोर्ग वापरा. दोन्ही ओपन सोर्स आहेत, फक्त बदललेला भाग साठवतात आणि सगळं एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) ठेवू शकतात. मी रेस्टिकमध्ये सात रोजचे, पाच आठवड्यांचे आणि बारा महिन्यांचे स्नॅपशॉट ठेवते.

दुसरी चूक अधिक बोचरी, कारण ती होईपर्यंत मला सगळं येतं असं वाटत होतं. इमिच या फोटोंच्या सेवेत फोटो फाइल म्हणून साठतात, पण अल्बम, चेहऱ्यांची नावं, कुणाचा फोटो कुणाला दाखवायचा, हे सगळं पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये असतं. फक्त फोटोंचं फोल्डर वाचवलंत तर फोटो राहतात आणि त्यावर घरच्यांनी केलेली मेहनत जाते. नेक्स्टक्लाउडचंही तसंच. म्हणून रोज रात्री डेटाबेसचा डम्प काढून तो जीझिपने आवळायचा आणि मग रेस्टिकला द्यायचा, अशी माझी स्क्रिप्ट होती. रोज ‘यशस्वी’ असा निरोप यायचा. एकदा सुट्टीत मी दुसऱ्या यंत्रावर सगळं परत उभं करून बघायचं ठरवलं. फोटो आले, हजारोंनी आले. अल्बम एकही नव्हता. डम्पचं फोल्डर उघडलं तर गेल्या सात आठवड्यांची प्रत्येक फाइल बरोबर २० बाइटची. रिकामं काहीतरी जीझिपला दिलं की तयार होणारी फाइल २० बाइटची असते. सात आठवड्यांपूर्वी मी कंटेनरचं नाव बदललं होतं, डम्पची कमांड जुन्याच नावाने त्याला हाक मारत होती आणि अपयशी होत होती. पण पाइपने (एकीचं फळ दुसरीला देत) जोडलेल्या कमांडमध्ये शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं, आणि जीझिपला रिकामं आवळण्यात काहीच अडचण नव्हती.

त्यामुळे स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅश या शेलचा ‘पाइपफेल’ (मधली कमांड फसली तरी अपयश धरायचा) पर्याय लावा, डम्पची फाइल अमुक आकाराहून लहान असेल तर ओरडू द्या, आणि ‘यशस्वी’ निरोपावर भरवसा न ठेवता दर तीन महिन्यांनी खरोखर रिस्टोअर करा. सगळं करायची गरज नाही. एक अल्बम, एक कागद आणि पासवर्डचं कपाट, एवढं दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवता आलं की पुरे. पहिल्या वेळेला अख्खा दिवस जाईल, दुसऱ्या वेळेला दोन तास. करताना काय काय टंकलं ते लिहून ठेवा. तोच तुमचा खरा दस्तऐवज. व्हॉल्टवॉर्डन मुळात एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस वापरतं, तेव्हा चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करू नका. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची कमांड वापरा किंवा कंटेनर क्षणभर थांबवून कॉपी करा.

प्रती किती, याला छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यासाठी याचा अर्थ लॅपटॉपवरची मूळ प्रत, शेजारच्या डिस्कवर रेस्टिक आणि तिसरी नातेवाइकाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर किंवा भाड्याच्या साठवणीत. भाड्याची साठवण म्हणजे पुन्हा क्लाउडच की, असं वाटेल. पण रेस्टिक डेटा तुमच्या घरातच कुलूपबंद करून पाठवतं, तिकडे फक्त पेटी पोचते, किल्ली नाही. ती किल्ली, म्हणजे रेस्टिकचा पासवर्ड, कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. ती फक्त व्हॉल्टवॉर्डनमध्ये असेल आणि व्हॉल्टवॉर्डन त्याच बॅकअपमध्ये असेल, तर किल्ली पेटीच्या आत राहिली. पहिल्या खेपेला धीर धरा: ५०० जीबी पाठवायचे आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर सलग छप्पनेक तास लागतात.

इथवरचं थोडक्यात: डेबियन, कंपोज, सगळं एका फोल्डरखाली, आवृत्त्या लिहिलेल्या, डेटाबेसचा डम्प वेगळा, रेस्टिक दोन ठिकाणी आणि एकदा पूर्ण रिस्टोअर करून पाहिलेलं. मग फोटो चढवा. ते रिस्टोअर झाल्यावरही क्लाउडवरची प्रत निदान सहा महिने राहू द्या, आणि त्या काळात आणखी एकदा रिस्टोअर करून बघा.

पोर्टचा प्रश्न. तुमच्या सेवा फक्त घरातले पाच जण वापरणार असतील तर वेबचं एकही पोर्ट जगासाठी उघडू नका. वायरगार्ड वापरा, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). ते मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीत आलं, म्हणजे डेबियनमध्ये तयारच मिळतं. त्यासाठी यूडीपीचं एक पोर्ट उघडावं लागतं, पण ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपडत फिरणाऱ्यांना तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. नेक्स्टक्लाउडचं लॉगिनचं पान जगासमोर ठेवलंत तर त्यातली प्रत्येक नवी त्रुटी तुमची होते आणि ती तुम्ही किती लवकर भरता यावर सगळं येऊन ठेपतं. घरच्या सर्व्हरसाठी रात्रपाळीला कुणी नसतं.

आधी एक गोष्ट तपासा. राउटरमध्ये जो बाहेरचा आयपी पत्ता दिसतो तो आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर दिसणारा पत्ता एकच आहे का? राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि त्या पत्त्यावर पोर्ट उघडून काही उपयोग होणार नाही. अशा वेळी टेलस्केल सोयीचं पडतं. ते वायरगार्डवरच उभं आहे आणि दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडणी करतं. त्याचं समन्वयाचं काम त्यांच्या सर्व्हरवरून चालतं; ते नको असेल तर हेडस्केल हा ओपन सोर्स पर्याय आहे, पण तो चालवायला सार्वजनिक पत्त्याचं एखादं छोटं यंत्र बाहेर भाड्याने घ्यावं लागेल. सुरुवातीला टेलस्केल घ्या, पुढे वाटलं तर बदला.

आणखी दोन खाचखळगे. यूएफडब्ल्यू या फायरवॉलने (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या साधनाने) सगळं बंद केलं म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकर स्वतःचे फायरवॉलचे नियम स्वतः लिहितं आणि कंपोजमध्ये नुसतं पोर्ट जाहीर केलंत तर ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडं राहतं. म्हणून सेवा १२७.०.०.१ वर (फक्त त्याच यंत्रातून गाठता येणाऱ्या पत्त्यावर) बांधा आणि पुढे कॅडी (आलेली विनंती योग्य सेवेकडे पाठवणारा वेब सर्व्हर) ठेवा. दुसरं, व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान एचटीटीपीएसशिवाय चालत नाही, कारण ब्राउझर एन्क्रिप्शनची सोय सुरक्षित जोडणीवरच देतो. त्यासाठी स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) घ्या आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेकडून डीएनएसच्या पद्धतीने प्रमाणपत्र मिळवा; त्यात डोमेनच्या नोंदीत एक खूण लिहून मालकी सिद्ध होते, घराचं पोर्ट उघडावं लागत नाही. एसएसएचला पासवर्ड बंद, फक्त किल्ली.

ईमेल घरून चालवू नका. लोकांना वाटतं अडचण येणाऱ्या मेलची आहे, सर्व्हर बंद असताना मेल हरवेल. तसं सहसा होत नाही, पाठवणारा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. खरी अडचण जाणाऱ्या मेलची आहे. अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर मेल पाठवायचं पोर्ट २५ बंद ठेवतात. ते उघडं असलं तरी बरेच घरगुती पत्ते स्पॅमहाउसच्या (मेल अडवायचे पत्ते नोंदवणाऱ्या संस्थेच्या) यादीत आधीपासूनच असतात, उलट्या डीएनएसची (पत्त्यावरून नाव सांगणारी) नोंद तुमच्या हातात नसते आणि मोठे मेलवाले एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवायच्या खुणाही बघतात. इतकं करून तुमचा मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. नोकरीच्या अर्जाचं, दवाखान्याच्या पत्राचं असं होऊ देऊ नका. त्याऐवजी स्वतःचं डोमेन घ्या आणि मेल एखाद्या मेलसेवेकडे ठेवा. पत्ता तुमचा राहतो, सेवा न आवडल्यास दुसरीकडे नेता येतो, आणि एमबीसिंक या साधनाने सगळ्या मेलची प्रत रोज घरी उतरवता येते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पाच जणांचा डेटा तुम्ही एकट्याच्या हातात घेताय म्हणून सांगते. तुम्ही आजारी पडलात किंवा लांब गेलात तर घरच्यांना त्यांचे फोटो मिळाले पाहिजेत. माझ्या घरी एक कागद आहे: लॅपटॉप कुठे ठेवलाय, तो बंद करून चालू कसा करायचा, रेस्टिकचा पासवर्ड, डोमेन कुठे नोंदवलंय, आणि यातलं समजणाऱ्या एका मैत्रिणीचा फोन नंबर. शिवाय वर्षातून एकदा मी सगळे फोटो एका साध्या डिस्कवर नेहमीच्या फोल्डरमध्ये उतरवते, एन्क्रिप्शन नाही, डेटाबेस नाही, वर्षाप्रमाणे फोल्डर. ती डिस्क कोणत्याही कम्प्युटरला लावली की फोटो दिसतात. ती एक्सफॅटमध्ये (विंडोज, मॅक आणि लिनक्स सगळ्यांना वाचता येईल अशा रचनेत) फॉरमॅट केलेली आहे, कारण घरात लिनक्स फक्त मी वापरते. तो कागद आणि ती डिस्क घरातल्या कपाटात एकत्र असतात आणि कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी कळवा: स्मार्टसीटीएलमधले ते दोन आकडे, राउटरमध्ये दिसणाऱ्या बाहेरच्या पत्त्याचे फक्त पहिले दोन भाग (पूर्ण पत्ता इथे टाकू नका) आणि फोटो एकूण किती जीबी आहेत. रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर इमिच चालेल. पहिल्यांदा चेहरे ओळखायचं काम जुन्या प्रोसेसरवर दिवसेंदिवस सुरू राहील, तेव्हा ते अडकलंय असं समजून मध्येच बंद करू नका. तोवर डेबियन टाकून जेलीफिन आणि एखादा सिनेमा, एवढंच उभं करा. ते पूर्ण पुसा, आणि बॅकअपमधून परत आणून बघा.